'होल्ड'चा पाचवा अर्थ

शनिवार पेठेतल्या एका मराठी दैनिकात यज्ञेश्वर उपाध्ये बावीस वर्षं उपसंपादक होते. इंग्रजी बातमीचं मराठी करताना कुणाचं अडलं, की संपादक मान वर न करता म्हणत, "उपाध्यांना विचारा." पगार यथातथाच होता; पण तेवढं ऐकलं की उपाध्यांचा दिवस बरा जाई.

दोन हजार साली कल्याणी कामावर आली. हडपसरची, चोवीस वर्षांची. महिन्याभरात तिनं 'होल्ड' या साध्या क्रियापदाचा तक्ता करून भिंतीवर लावला. पोलीस होल्ड करतात म्हणजे ताब्यात घेतात. मंत्री चर्चा होल्ड करतात म्हणजे ती होते, एवढंच. कोर्ट होल्ड करतं म्हणजे निर्वाळा देतं. आणि बँक व्याजदर होल्ड करते, म्हणजे ते कायम राहतात.

तक्ता बिनचूक होता. उपाध्यांनी तो दोनदा वाचला, चूक सापडली नाही म्हणून तिसऱ्यांदा वाचला. हळूहळू माणसं त्यांच्या टेबलावरून पुढे जाऊन कल्याणीपाशी थांबू लागली. एकदा तर संपादकच म्हणाले, "कल्याणीला विचारा." उपाध्यांचा चहा तसाच राहिला. घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, "बरं नाही का?" ते म्हणाले, "पित्त झालंय."

पुढच्या वर्षी अमेरिकेत मंदी आली. एका दुपारी दोन ओळींची बातमी आली: हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं एकशेचाळीस नव्या इंजिनिअरांच्या रुजू होण्याच्या तारखा 'होल्ड' केल्या. कल्याणीनं मथळा दिला, 'तारखा कायम'. प्रूफ उपाध्यांकडे आलं. सकाळीच इंग्रजी पेपरात त्यांनी सविस्तर वाचलं होतं. तारखा बेमुदत पुढे ढकलल्या होत्या. त्यांनी पेन उघडलं. भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. खाली सही केली आणि प्रूफ पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबुराव नावाचे गृहस्थ पेपर घेऊन आले. मुलाला कंपनीचं थांबण्याचं पत्र आलं होतं. पण बातमी वाचून ते त्याला नव्या शर्टात गेटवर घेऊन गेले होते. "वॉचमन हसला हो," एवढंच ते म्हणाले आणि पेपर टेबलावर ठेवून निघून गेले.

संपादकांनी कल्याणीला सगळ्यांसमोर विचारलं. "चूक माझी आहे," ती म्हणाली. मग उपाध्यांकडे वळून हळूच म्हणाली, "सर, तुमची सही बघितली आणि मी निर्धास्त झाले."

इतके महिने जे ऐकायला ते आसुसले होते, ते असं कानावर आलं. ते संपादकांच्या केबिनमध्ये गेले.

"मला चूक दिसली होती."

"मग?"

"जाऊ दिली."

संपादकांनी चष्मा काढला. "का, ते विचारत नाही. आजपासून प्रूफं कल्याणी बघेल. खुलासा तुम्ही लिहा, तिला दाखवा."

उपाध्यांनी खुलासा लिहिला: 'तारखा लांबल्या आहेत.' कल्याणीनं तो वाचला आणि 'लांबल्या' खोडून 'लांबवल्या' केलं. "आपोआप लांबल्या नाहीत ना सर, कंपनीनं लांबवल्यात."

शब्द तिचाच बरोबर होता. उपाध्यांनी ती ओळ दोनदा वाचली. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि कागद छपाईला द्यायला स्वतःच उठले.