दोन प्लगिनांचं भांडण

मुलुंडच्या आमच्या शेजारणीची नात पवईला राहते आणि दर रविवारी तिच्याकडे येते. तुम्ही माझी नातवंडं दोन वर्षांतून एकदा येता. मला शेजारणीचा हेवा वाटतो, हे लपवत नाही. नातीनं शेजारणीच्या लॅपटॉपवर मराठी टायपिंगचं नवं प्लगिन, म्हणजे जोडीला बसवायचं छोटं सॉफ्टवेअर, टाकलं, तेव्हा मीही हट्टानं तेच माझ्या लॅपटॉपवर टाकून घेतलं. लगेच मी ज्यात लिहिते त्या एडिटरमध्ये प्रत्येक अक्षर दोनदा उमटू लागलं. तुमच्यासाठी लिहीत असलेल्या आठवणी मलाच वाचता येईनात.

पुढच्या रविवारी शेजारणीच्या नातीनं माझी सगळी प्लगिन्स बंद केली आणि एकेक चालू करून पाहिलं. तुम्ही गेल्या खेपेला टाकलेलं चालू केलं, तेव्हा सगळं ठीक होतं. त्याच्या जोडीला तिचं चालू करताच अक्षरं पुन्हा दुप्पट झाली.

"आजी, दोन्ही एकच काम करतात. तुमचं जुनं झालंय, ते काढू ना?"

"ते राहू दे. तुझं काढ."

"अगं, तिचं किती फास्ट आहे!" शेजारीण हसली. "हट्टी कुठली!"

"तुझ्या नातीचं तुला लखलाभ."

तुमच्या प्लगिनमध्ये 'ळ' काढायला तीन कळा दाबाव्या लागतात. हे पान त्याच्यावरच लिहिलं आहे.