फुसाए दार सोडून उठली तेव्हा

६ नोव्हेंबर १९७८ रोजी आमच्या कुंभार मंडळाचा हिशेबनीस म्हणून मी तामेसाकु इवाकिरी यांना ८६,४०० येन उचल दिली. शहरातल्या एका सोबाच्या, म्हणजे रश्शातल्या शेवयांच्या, दुकानाने त्यांच्याकडे दोनशे चाळीस वाडगे मागितले होते. वर्षअखेरच्या रात्री सोबा खायला तिथे रांग लागते. माल त्याआधी हवा होता. उचल माती आणि लाकडात गेली. माल बिघडला असता, तर ती फेडायला गावाच्या सामायिक भट्टीतला आजोबांपासूनचा कप्पा तामेसाकुंना सोडावा लागला असता.

हाताने चांगला माणूस, पण धीर नावाला नाही. वसंतात त्यांनी भट्टी गरम असतानाच दार फोडलं आणि अर्धा माल तडकला.

म्हणून या वेळी आग विझवून दार विटा-मातीने लिंपलं, तशी त्यांची बायको फुसाए दारासमोरच स्टूल टाकून मुळे सोलत बसली.

"ऊठ गं. निवली असेल आता."

"वसंतातही हेच म्हणाला होतात."

"हिशेबनीस, तुम्ही तरी सांगा हिला. परवा ट्रक येतोय."

"ट्रकवाल्याला मी थांबवतो," मी म्हणालो.

"आणि दुकानदाराला? त्याने माल नको म्हटलं तर?"



दुसऱ्या दिवशी दुपारी फुसाए मुळे धुवायला ओढ्यावर गेली. तामेसाकुंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वरची वीट उपसली. आत टिण्ण झालं. मग पुन्हा. ते वीट हातात धरून नुसतेच उभे.

"घाला हो ती परत!" मी ओरडलो.

त्यांनी वीट बसवली, उघड्या हातांनीच ओली माती थापली. तळवे भाजले.

फुसाएने येऊन ती ताजी माती पाहिली.

"तू ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

"ओढ्यापर्यंत आला आवाज."

ती पुन्हा स्टुलावर बसली. निवताना झिलई बारीक वाजतेच. भांडं तडकलं तरी आवाज तसाच. त्यामुळे आत काही वाजलं की तामेसाकुंचे खांदे आखडायचे. रात्री त्यांनी भाताला हात लावला नाही.

दार उघडलं ते फुसाएनेच, तिच्या मनाला आलं तेव्हा. दाराजवळची रांग तडकली होती. तामेसाकु एकेक वाडगा बोटाच्या पेराने वाजवून बाहेर देत होते. जादा घडवलेले धरूनही चांगले निघाले दोनशे छत्तीस.

फोन मंडळाच्या कचेरीतून केला. मी दुकानदाराला आकडा सांगितला. 

"चार कमी?" तो म्हणाला. "मग चौघं थांबतील रांगेत. पाठवा. पण राहिलेले पावसाळ्याआधी हवेत."

माल गेला, उचल वळती झाली, कप्पा राहिला. फुसाएने स्टूल भट्टीजवळच ठेवलं आहे.

दुकानाचे चार वाडगे देणे बाकी आहे.