वालूरच्या आखाड्यातला बँजो

संक्रांतीनंतरचा दुसरा रविवार. गाडीभाडे जाऊन-येऊन तीन हजार आठशे रुपये. पैकी हजार रुपये इसार (आगाऊ रक्कम) आदल्या दिवशीच दिलेला. गाडीत माणसे चार: मी, माझी पत्नी शकुंतला, तिचा थोरला भाऊ गुरलिंगअप्पा आणि गाडी चालवणारा साबेर. शिवाय सोलापुरी चादरीत गुंडाळलेला एक बँजो.

आम्ही दोघे सकाळी राणीसावरगावहून निघालो. गंगाखेडला गुरलिंगअप्पांची पिठाची गिरणी आहे. तिच्या ओट्यावर ते बँजो मांडीवर घेऊन तयारच बसले होते.

"मागं ठिवा की दादा, सीट रिकामं हाय," शकुंतला म्हणाली.

"न्हाई. खड्ड्यात आदळंल."

असे म्हणून ते माझ्या शेजारी बसले. बँजोचे एक टोक त्यांच्या मांडीवर, दुसरे माझ्या गुडघ्यावर. वालूरपर्यंत गाडीत ते तसेच बसले.

बँजो म्हणजे आपल्याकडे वरातीत वाजतो तो, टाइपरायटरसारख्या कळांचा. हा गुरलिंगअप्पांच्या एकुलत्या मुलाचा, बसवराजचा. सगळे त्याला बसू म्हणत. उस्मानभाई नावाच्या कलाकारांच्या बँजो पार्टीत तो वाजवायचा. बँजोही उस्मानभाईंनीच त्याला दिला होता, सव्वा रुपयाला. साज (वाद्य) फुकट द्यायचा नाही आणि फुकट घ्यायचा नाही, नाहीतर तो नव्या हाताला वळत नाही, अशी त्यांच्यात रीत आहे. तेव्हा चाराणे चालायचे.

ही पार्टी लग्नसराईत वराती करते. पण हिवाळ्यात तीन-चार वेळा ती नुसती बसून वाजवते. त्याला ते लोक बैठक म्हणतात. नवरदेव नाही, नाचणारे नाहीत, ठरलेले गाणेही नाही. एक चाल धरायची आणि ती नेईल तिकडे जायचे, दोन-दोन तास न थांबता. एकदा वाजले ते पुन्हा तसे वाजत नाही, म्हणून शौकीन माणसे गावोगाव त्यांच्या मागे फिरतात.

कावीळ होऊन बसू गेला, त्याला सव्वा वर्ष झाले. तेव्हापासून बँजोला कोणी हात लावलेला नाही. तरी तो वाजतो, असे गुरलिंगअप्पांचे म्हणणे होते. माळ्यावर ठेवला तर माळ्यावरून, कपाटात ठेवला तर कपाटातून, घूं असा बारीक आवाज येतो. मी बाजारासाठी गंगाखेडला गेलो की ते मला गिरणीत बसवून ऐकायला लावत. मला कधीच काही ऐकू आले नाही. मोटारीने भिंती हादरतात, भिंतींबरोबर तारा हादरतात, असा माझा साधा हिशेब होता. त्यांनी गिरणी बंद ठेवून पाहिली. मग खुंट्या फिरवून सगळ्या तारा सैल केल्या. तरी त्यांना आवाज येतच राहिला. दळणाची गिऱ्हाइके दुसरीकडे जाऊ लागली. वहिनी कंटाळून लेकीकडे राहायला गेल्या. माणूस भ्रमिष्ट झाला, असे गल्लीत बोलू लागले.

उस्मानभाईंना बँजो परत हवा होता. शकुंतलेला तो घरातून गेलेला हवा होता. गुरलिंगअप्पा एवढेच म्हणाले होते, "एकडाव बैठक ऐकतो. मंग देतो का न्हाई ते सांगतो." आमचा प्रवास त्यासाठी होता.

गोदावरीच्या पुलावर धुके होते. पाणी दिसत नव्हते. वाळूवर उभी असलेली एक म्हैस तेवढी दिसत होती, तीही पाय नसल्यासारखी. पुढे ऊन पडले. हरभरा घाटे धरायच्या बेतात होता, कपाशीची नुसती बोडकी पऱ्हाटी उभी होती. परभणीत मोंढ्यापाशी (बाजार समितीच्या आवाराजवळ) चहा घेतला आणि जिंतूरच्या रस्त्याला लागलो.

झरीच्या पुढे गाडी पंक्चर झाली. साबेर जॅक लावत असताना मी संधी साधली. इंजिन बंद, गिरणी पन्नास-साठ किलोमीटर मागे. चादरीवर तळहात ठेवला.

"बघा अप्पा. काही नाही."

"तुमी तपासायला हात ठिवल्यावर कसं वाजंल, दाजी? पोरगं हाय ते, सरकारी मीटर न्हाई."

शेजारच्या शेतात आगटी (हुरडा भाजायचा खड्डा) पेटलेली होती. तिथल्या बाईंनी आवाज दिला, "ओ पाव्हणं, उनात कामून उभं ऱ्हायलाव? या, हुरडा खा."

आम्ही गेलो. कोवळी ज्वारी, शेंगदाण्याची चटणी, वर गूळ. मी पैसे विचारले तर त्या माझ्यावरच उखडल्या. मग त्यांचे लक्ष गुरलिंगअप्पांच्या मांडीकडे गेले. चादर अप्पांनी एका बाजूने सारखी करून घेतली होती, तोंडावर ऊन येऊ नये अशी.

"लेकरू हाय का?" बाईंनी आवाज खाली आणून विचारले.

"हाय," गुरलिंगअप्पा म्हणाले.

"झोपलंय जनू. लय गुणाचं हाय."

हुरडा तोंडात असताना शकुंतलेच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. धूर लागला, असे ती म्हणाली. धूर दुसऱ्या बाजूला जात होता.

बोरीला हॉटेलात भजी घेतली. शेजारच्या बाकावर बैठकीलाच निघालेला एक तरुण होता. चादरीचा आकार पाहूनच त्याने ओळखले.

"बँजो ना? पार्टीतले का तुमी? गेल्या म्हैन्यात मानवतला ऐकला की बसूला. लय म्हंजी लय वाजवलं. अंगावर काटा आला."

"कोणाला ऐकला?" मी विचारले.

"बसूला वो. त्यो तिकडं डाव्या अंगाला बसतो त्यो."

त्याने फोन काढून व्हिडिओ दाखवला. धूळ, हललेले दिवे, डोकीच डोकी. चेहरा एकाचाही दिसत नव्हता. मधूनच सगळी वाद्ये थांबली आणि एकटा बँजो चालू राहिला. गुरलिंगअप्पांनी फोन कानाला लावला.

"बसूच हाय," ते म्हणाले.

फोनवर गेल्या महिन्याची तारीख होती. ती पाठवल्याची तारीख असते, वाजवल्याची नव्हे, हे मी त्या तरुणाला समजावून सांगितले. बसू गेल्याचेही सांगितले. तो गोंधळला. "पण मी तिथं व्हतो ना काका," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मग त्याने भज्यांचे पैसे दिले आणि आमच्याकडे न बघता निघून गेला.

वालूरला पोचेपर्यंत दुपार कलली होती. गावाबाहेर यात्रेतल्या कुस्त्यांचा आखाडा आहे. वाटीसारखा खोल, भोवती दगडी पायऱ्या, मध्ये तांबडी माती. पायऱ्या माणसांनी भरल्या होत्या. आत मातीवर सतरंजी टाकून पार्टी बसली होती: पांढऱ्या दाढीचे उस्मानभाई बँजोवर, दोन ढोलक्या, एक ताशा, एक कीबोर्ड. डाव्या अंगाला चौपदरी घोंगडी घडी करून ठेवली होती. तिच्यावर कोणी नव्हते.

आमच्या लिंगायतांत मयताला बसवून समाधी देतात, मांडी घालून. शकुंतला त्या घोंगडीकडे बराच वेळ पाहत होती. मग हळूच म्हणाली, "तिकडं मातीतबी तसाच बसला असंल."

"गप बस," मी म्हणालो. पण तेव्हापासून माझी नजरही घोंगडीकडे जात राहिली.

आम्ही पायरीवर बसलो, बँजो गाडीतल्यासारखाच अप्पांच्या मांडीवर आणि माझ्या गुडघ्यावर. शेजारी जिंतूरच्या एक शिक्षिका होत्या. सोबत थर्मास, उशी, दुर्बीण. त्यांची ही अकरावी बैठक.

"पहिल्यांदाच ना? मग एक सांगते. मध्ये सगळे एकदम थांबतील. तिथं बसू एकटा वाजवायचा. आता ती जागा ते रिकामी सोडतात. टाळ्या वाजवू नका. नवीन माणसं हमखास वाजवतात."

बैठक सुरू झाली. मला गाण्यातले कळत नाही, म्हणून जे झाले तेच लिहितो. पहिला अर्धा तास मला वरातीची आठवण येत राहिली. नंतर ती येईनाशी झाली. एकच चाल फिरत होती, पण दर फेरीला थोडी सरकत होती. शेतात नांगरणारा माणूस दर सरीला थोडा लांब जातो आणि मान वर करून बघावे तर पार बांधाला पोचलेला असतो, तसे काहीसे. पायऱ्यांवरची माणसे डोलत नव्हती. सगळी पुढे वाकून बसली होती, विहिरीत पडलेली वस्तू शोधावी तशी.

ऊन तिरपे झाले. ढोलक्या चढल्या, ताशा चढला, माझ्या बुडाखालचा दगड थरथरू लागला. आणि सगळे एकदम थांबले.

एवढ्या माणसांची शांतता मी कधी ऐकली नव्हती. कोणी खोकले नाही. कडेवरची पोरेही गप्प. एरवी मी घड्याळ पाहिले असते. पाहिले नाही, कारण माझ्या गुडघ्यावर काहीतरी वाजत होते.

आधी वाटले, दगड अजून थरथरतो आहे. दगडावर हात ठेवला. दगड थंड होता. आवाज चादरीतून येत होता. घूं असा, बारीक, एकसुरी. आणि मग एकसुरीही राहिला नाही. तो खाली उतरला, पुन्हा वर गेला, आणि जिथे सगळे थांबले होते नेमका तिथे येऊन टेकला. त्याच क्षणी ढोलक्या सुरू झाल्या.

गुरलिंगअप्पा माझ्याकडे पाहत होते.

"दाजी. आलं का ऐकू?"

मी दुकानदार माणूस. माप कमी देत नाही आणि जास्तही देत नाही. 

"आलं," मी म्हणालो.

"गिरणी न्हाई हितं."

"नाही."

त्यांनी चादर उलगडली. तारा सैल होत्या. खुंट्यांपासून सुटून एकमेकींवर लोळलेल्या, एकीवर गंजही चढलेला. त्यांनी बोट फिरवले. खर्र असा नुसता आवाज झाला.

"म्हंजी मी येडा न्हाई," ते म्हणाले. आणि हसले. सव्वा वर्षात मी त्यांना हसताना पाहिले नव्हते.

"काय झालं?" शकुंतला विचारत होती. तिला काही ऐकू आले नव्हते. शिक्षिकाबाईंनाही नाही.

सूर्य पायऱ्यांच्या काठाला लागला तेव्हा बैठक संपली. लोक उठता उठता वाद घालत होते. एक म्हणाला, आजची जागा मानवतपेक्षा लांबली. दुसरा म्हणाला, छे, अर्धीसुद्धा नव्हती. एक म्हातारे गृहस्थ छातीवर हात ठेवून सांगत होते की मध्ये लांबून रेल्वे गेल्यासारखे वाटले. वालूरला रेल्वे नाही.

गुरलिंगअप्पा खाली मातीत उतरले. चपला काठावर काढल्या आणि बँजो उस्मानभाईंच्या पुढे ठेवला.

"घ्या. घरात करमंना त्याला."

उस्मानभाईंनी तो आधी कपाळाला लावला. मग म्हणाले, "फुकट नक्को अप्पा. रीत है." त्यांनी खिशातून रुपयाचे नाणे काढले. "चाराणे? किसी के पास चाराणे है क्या रे?"

पार्टीने खिसे चाचपले. पायऱ्यांवरूनही विचारणा झाली. कोण ठेवतो आता चाराणे? एकाने दोन रुपये पुढे केले. "सव्वा म्हंजी सव्वा," गुरलिंगअप्पा म्हणाले. ताशेवाला म्हणाला, "चाचा, फोनवर टाका की. सव्वा रुपया बी जातो."

"फोनचा पैसा हाताला लागतो का रे, गाढवा?" उस्मानभाई म्हणाले. "रुपया घ्या अप्पा. चाराणे मेरे पे बाकी."

मग त्यांनी तिथेच खुंट्या आवळल्या. गंजलेली तार तुटली, बाकीच्या लागल्या. त्यांनी दोन-चार कळा दाबल्या. कुठल्याही बँजोचा येतो तसाच आवाज आला, किंचित बेसूर. नंतर त्यांनी बँजो घोंगडीवर ठेवला, कळा वाजवणाऱ्या माणसाकडे असतात तशा, मागच्या बाजूला करून.

परतीला गाडीत जागाच जागा झाली होती. तरी गुरलिंगअप्पा माझ्या शेजारीच बसले, घडी केलेली चादर मांडीवर घेऊन, आणि तिचे एक टोक त्यांनी माझ्या गुडघ्यावर टाकले. गोदावरीच्या पुलाआधी साबेरने रेडिएटरमध्ये पाणी घालायला गाडी थांबवली. इंजिन बंद झाल्यावर आम्ही तिघेही बोलायचे थांबलो. काही ऐकू आले नाही. शकुंतलेने सुस्कारा टाकला. आम्हा दोघांनी टाकला नाही.

घरी आल्यावर दुकानाचा जुना गल्ला उपसला. तळाशी चाराण्याचे एक नाणे सापडले. पुढच्या बाजाराला ते घेऊन मी गंगाखेडला गेलो. गिरणी जोरात चालू होती, ओट्यावर दळणाचे डबे रांगेने लागले होते, आतून वहिनींचा आवाज येत होता. मी नाणे दाखवले. म्हणालो, उस्मानभाईंना पाठवतो. ते तुम्हाला देतील. व्यवहार पुरा होईल.

गुरलिंगअप्पांनी नाणे उलटेपालटे करून पाहिले आणि माझ्या मुठीत परत दिले.

"नका पाठवू, दाजी. चाराण्यापुरता तरी ऱ्हाऊ द्या घरी."

त्यांनी खटका पाडला. जाते फिरत फिरत थांबले, पीठ खाली बसले. आम्ही दोघे माळ्याकडे तोंड करून ऐकत बसलो. या वेळी मी मोटारीचे नाव काढले नाही.

गाडीभाड्याचे राहिलेले दोन हजार आठशे आणि पंक्चरचे शंभर साबेरला दिले. बँजोचा एक रुपया उस्मानभाईंकडून गुरलिंगअप्पांना मिळाला. चाराणे येणे आहेत.