उंबराची माफी

उगमकाकींनी जन्मात कधी उंबर तोंडात घातलं नाही, आणि उंबराखालून कुणाला सरळ चालूही दिलं नाही. अक्कलकुव्यात त्यांच्या आणि आमच्या अंगणाच्या मधोमध हे झाड उभं आहे. सकाळी मी दार उघडावं, तर काकी मऊ लोकरीची झाडणी घेऊन खाली वाकलेल्या. पडलेली फळं अलगद कुंपणाकडे सरकवत त्या आधी माझ्या चपलांकडे बघायच्या, मग माझ्याकडे. "पाय संभाळ मास्तर. तठे कोनंतरी घर शे."

राजस्थानातून आलेलं जैन घर, बाजारात कापडाचं दुकान. लग्न होऊन आल्यावर दुकानात येणाऱ्या बायकांकडून काकी अहिराणी शिकल्या. घरात मारवाडी, देवळात गुजराती आणि माझ्यावर ओरडायला अहिराणी, अशी त्यांची वाटणी होती. उंबराच्या आत जीव असतात म्हणून त्यांच्यात ते फळ वर्ज्य. मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे ते जीव कोण हे काकींना समजावणं मला माझं कर्तव्य वाटलं. उंबराची फुलं फळाच्या पोटात असतात. तिळापेक्षा लहान गांधीलमाशी बारीकशा दारातून आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात. आत ती बाहेरून आणलेले पराग फुलांवर सांडते, अंडी घालते आणि तिथंच मरते. तिची पोरं मोठी झाली की मुलगे भिंतीला भोक पाडतात आणि मुली पराग घेऊन दुसऱ्या झाडाकडे उडून जातात. काकींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पंख तोडीसन मझार जास? मंग ती सासरले जायेल पोर शे." माझा एवढा मोठा धडा त्यांनी एका वाक्यात गुंडाळून ठेवला.

हाच धडा मी वर्गात रंगीत खडूंनी काढतो. मुलं टाळ्या वाजवतात. आणि हाच मी, सुरतेहून जुनी पण पांढरीशुभ्र गाडी घेऊन आलो आणि सावली बघून ती उंबराखाली लावली. टपावर फळांचा चिखल, काचेवर पाखरांची नक्षी आणि संध्याकाळी दिव्याभोवती चिलटांएवढ्या केंबऱ्यांचा ढग. बायको म्हणाली, गाडी दुसरीकडे लावा. इतका सोपा उपाय करायला मी काही अडाणी माणूस नव्हतो. श्रावणाच्या तोंडावर पावसाने उघडीप दिली, काकी नातीच्या साखरपुड्याला सुरतेला गेल्या, आणि मी एका कापूसवाल्या मित्राकडून फवारणीचा पंप औषधासकट मागून आणला. झाडावर तेव्हा हिरव्या बारक्या फळांचे घोस नुकतेच धरले होते. भर दुपारी, तोंडाला बायकोची ओढणी बांधून, मी हात पोचेल तिथपर्यंत झाड न्हाऊ घातलं.

दिव्याभोवतीचा ढग गेला. गाडी चकाकली. मी दोन दिवस स्वतःवर खूश होतो. मग हिरवी, कडक फळं टपाटप गळू लागली. आत कुणी शिरलंच नाही, तर झाड तरी ती कशासाठी धरून ठेवणार? परीक्षेत मी हा प्रश्न दरवर्षी विचारतो. हरियल पारवे आले, फांद्यांवरून फिरले आणि निघून गेले. वटवाघळंही येईनाशी झाली.

काकी परतल्या, तेव्हा अंगणभर हिरवा सडा होता. ओंजळभर फळं घेऊन त्या पायरीवर कितीतरी वेळ बसल्या. जाण्याआधी त्यांनी मुलाला, पारसला, गोदामाच्या पत्र्यावर येणारी एक फांदी तोडू दिली होती. झाड त्यामुळेच रुसलं असं त्यांनी ठरवलं, आणि झाडाला पुन्हा फळ पिकेपर्यंत मीठ सोडलं. वय झालेलं, रक्तदाब आधीच खाली जाणारा. एकदा चुलीपुढे चक्कर येऊन पडल्या. मीठ बंद केलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं. पारस हात जोडून माझ्याकडे आला. माटसाब, तुम्ही विज्ञानवाले, तुमचं त्या ऐकतील.

मी गेलो. हवामानबदल या विषयावर मी त्यांना जे व्याख्यान दिलं, तेवढं मुद्देसूद मी वर्गातही कधी बोललो नव्हतो. काकी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मीठ काही घेतलं नाही.

भाद्रपदात त्यांची संवत्सरी आली. त्या दिवशी ते लोक वर्षभराच्या चुकांची एकमेकांकडे क्षमा मागतात. काकी भिंतीला धरत धरत आमच्या दारात आल्या आणि हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम् मास्तर. मन्हा मनमा तुन्हावर शक उना व्हता. माफ कर."

आणि मी काय म्हणावं? मी म्हणालो, "जाऊ द्या हो काकी, मी नाही मनावर घेत."

त्या गेल्यावर बायकोने एवढंच विचारलं, "तुम्ही माफ केलंत त्यांना?" आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंबराखाली जाऊन काकींना सगळं सांगितलं. पंप, ओढणी, गाडी, काहीच गाळलं नाही. काकी झाडत होत्या, त्या थांबल्या नाहीत. मला वाटलं होतं, एकतर शिव्या मिळतील नाहीतर क्षमा. दोन्हींची माझी तयारी होती. "माले काय सांगस?" त्या म्हणाल्या. "मन्हं घर थोडंच गयं?" आणि झाडणी माझ्या हातात दिली. आता तरी मीठ खा, दोष तुमचा नव्हता, म्हणून मी गयावया केली. "बोलनू ते बोलनू." मग मीही मीठ सोडलं. माझं व्रत संध्याकाळच्या भजींपर्यंत टिकलं.

दिवाळीनंतर खोडावर पुन्हा हिरवे घोस धरले. वाऱ्यावर कुठूनतरी, सातपुड्याकडच्या एखाद्या उंबरावरून, त्या पोरी आल्या असतील का? आल्या असल्या तर फळ टिकेल, नसल्या तर काकी आणखी किती दिवस तग धरतील? मला राहवेना. एक फळ तोडून नखाने फोडणार, तेवढ्यात मागून आवाज आला. "घर फोडीसन पाहशी का, मझार कोन शे ते?" मी ते फळ खिशात ठेवलं आणि रोज नुसता वर बघत झाडत राहिलो.

एका सकाळी तांबूस झालेल्या एका फळाला सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं. त्यातून तिळाहून बारीक काहीतरी बाहेर आलं, पंख सुकवले आणि माझ्या मनगटावर येऊन बसलं. हात तसाच धरून मी काकींना हाक मारली. चष्मा वर-खाली करत त्यांनी खूप वेळ पाहिलं. मग आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन त्यांनी बायकोकडे चिमूटभर मीठ मागितलं, आणि डोळे मिटून जिभेवर ठेवलं.

पुढे पारसने धंदा सुरतेला नेला, काकीही गेल्या. जाताना झाडणी कुंपणाच्या भिंतीवर ठेवून गेल्या. हातात दिली नाही, पण ती कुणासाठी आहे हे मला विचारावं लागलं नाही. गाडी आता उन्हात असते. तिचा पांढरा रंग पिवळा पडत चाललाय.

मला माफ केलं असं काकी आजवर म्हणालेल्या नाहीत. संवत्सरीला मात्र त्यांचा फोन येतो. मी घाईघाईने मिच्छामि दुक्कडम् म्हणतो, तर त्या म्हणतात, "मन्हं ऱ्हाऊ दे. तठे जाईसन सांग." मग मी फोन कानाला लावून अंगणात जातो, रस्त्यावरून जाणाऱ्या माझ्याच विद्यार्थ्यांदेखत उंबरापुढे उभा राहतो आणि मान खाली घालून पुटपुटतो.

"आयकू नई उनं," पलीकडून काकी म्हणतात.

मी पुन्हा म्हणतो. मोठ्याने.