कुणाचंच नसलेलं घर

यंत्रातून नुसता तळणीसारखा आवाज येत होता आणि यांचा पाय घोट्यापासून वर सुजत चालला होता. घोणस चावून गेली होती. आपट्याची पानं ओरबाडायला हे दगडी बांधावर चढले, ती फटीत बसलेली, आणि यांनी पाय नेमका तिथंच ठेवला. जाताना मी तिची पाठ पाहिली, साखळी काढल्यासारखी. करंजी घाटाच्या वर देवीचं देऊळ आहे, तिथं आम्ही दोघंच होतो. गुरव सकाळी पूजा उरकून गेला होता. पाऊस झाला नव्हता म्हणून पायथ्याची वस्ती दसऱ्याआधीच ऊसतोडीला निघून गेलेली, दारांना कड्या. एस.टी. यायची ती एकदम संध्याकाळी. मी यंत्राचं बटण दाबून "मास्तर, मास्तर" असं ओरडत होते आणि पलीकडून कुणी हूं की चूं करत नव्हतं.

हे यंत्र काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हे भिंगारला लष्कराच्या कामावर रेडिओ दुरुस्त करायचे. सरकारचा परवाना काढून घरीही हौसेनं बिनतारी संच चालवायचे. लिलावाच्या भंगारातून सामान आणून त्यांनी हातात धरायचा एक संच बनवला होता, विटेएवढा, वर लांब काडी. आत पत्र्याच्या चपट्या डब्या बसायच्या, दोन पायांच्या. त्यांना क्रिस्टल म्हणतात. एका क्रिस्टलमध्ये बोलायची एकच जागा, रेडिओवरच्या स्टेशनासारखी, साठवलेली असते. अशी तीन क्रिस्टलं आत, आणि बाहेर खटका, त्यावर १, २, ३ कोरलेलं. खटका फिरवला की ती जागा हजर. हे त्यांना घरं म्हणायचे. पहिलं घर मास्तरांचं. ते भिंगारचेच शाळामास्तर, यांच्यासारखेच परवानेवाले. दुसरं आमच्या घरातल्या मोठ्या संचाचं. तिसरं क्रिस्टल भंगारात सापडलेलं. त्या जागेवर बोलणारं ओळखीपाळखीत कुणी नव्हतं. "कुनाचंच घर न्हाई हे," हे म्हणायचे, "पन खाच रिकामी कशाला ठिवायची? असू दे."

मला त्या यंत्राचा राग होता. संध्याकाळ झाली की हे कानाला लावून बसायचे. कुठल्या कुठल्या माणसांना पाऊस विचारायचे, तब्येत विचारायचे. माझ्याशी दिवसाकाठी दोन शब्द, त्यातला एक "चहा". मी चुलीपुढे बसून ते बोलणं ऐकायची. वाटायचं, माझ्यासाठीही एखादं घर आत बसवलं असतं तर बरं झालं असतं. एकदा तसं म्हणाले, तर हे हसले. "तू तर घरातच हायेस की." हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

खंडेनवमीला आपल्यात हत्यारांची पूजा होते. शेतकरी कोयता-कुदळ पुजतो, शिंपी कातर पुजतो. यांनी संच उघडला, तिन्ही क्रिस्टलं काढली, पाटावर ओळीनं मांडली, हळदकुंकू वाहिलं. मी म्हणाले, "डबडीला कसलं कुंकू?" तर म्हणाले, "हिच्यावर आपली भाकर हाय." दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी उत्तरपूजा करून यांनी सगळं परत बसवलं आणि आम्ही सीमोल्लंघनाला निघालो. यांची रीतच होती. वर्षातनं एकदा गावची शीव ओलांडायची, देवीच्या टेकडीवर जायचं आणि वरून मास्तरांना हाक द्यायची. मास्तर दुपारी संच लावून बसणार असं ठरलं होतं.

तर मी बटण दाबून ओरडत होते. हे आडवे पडलेले, ओठ पांढरे. मला म्हणाले, "बटन सोड की! दाबून धरल्यावर ऐकू कसं यील?"

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बोलायचं तर दाबायचं, ऐकायचं तर सोडायचं, दोन्ही एकदम होत नाही. मी सोडलं. तळणीचा आवाज आला, माणसाचा नाही. दुसरं घर लावलं. तिथं कोण असणार, घराला मीच कुलूप घालून आले होते. तिसरं लावलं. काही नाही. परत पहिल्यावर आले. यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. मी देवळाकडे पाहिलं. नवस बोलायची मला सवय नाही, आणि देवीला द्यायला होतंही काय. म्हटलं, बाई, मला जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडून झालं, आता तुझं तू बघ. आणि बटण सोडून नुसती बसले.

थोड्या वेळानं आवाज आला. "कोन बोलतंय?"

"मी बोलते."

"मी म्हंजे कोन?"

मास्तरांचा आवाज नव्हता. मी म्हणाले, "भिंगारची बाई. टेकडीवर हाय."

"बाई, टेकड्या लई हायेत. कुठली?"

मी देवीचं देऊळ सांगितलं, घोणस सांगितली. तो म्हणाला, "मी घाटातच हाय, जीप हाय. पाय हलवू देऊ नका. कापू नका, चोखू नका. त्यांना झोपू देऊ नका, नाव घिऊन हाका मारत ऱ्हावा."

"नाव मी घेत न्हाई."

"आता तरी घ्या, माय."

मी नाव घेतलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर पहिल्यांदा. इथं लिहीत नाही. यांनी खाडकन डोळे उघडले आणि म्हणाले, "मेलो का काय मी?" म्हटलं, "अजून न्हाई." आणि घेत राहिले. सारखं, मोठ्यानं, रागानं, एखाद्या पोराला हाक मारावी तसं. एवढं मी यांच्याशी उभ्या जन्मात बोलले नव्हते. हेही दर हाकेला "हं" म्हणत राहिले.

जीप बैलगाडीच्या वाटेनं वर आली. माणूस मध्यम वयाचा, खाकी सदरा, डोक्याला पंचा. पुढच्या काचेखाली त्याचा संच होता आणि संचावर कालची झेंडूची माळ, सुकलेली. तेवढं माझ्या लक्षात राहिलं. आम्ही दोघांनी यांना उचलून मागं घातलं. वाटेत तो एकदाच म्हणाला, "या जागेवर कुनी बोलत न्हाई, बाई. सकाळी पूजा सोडली तवा सहज लावून ठिवलं."

नगरच्या सरकारी दवाखान्यात यांना आत नेलं. मी दारापर्यंत गेले आणि मागं वळले, तर जीप नव्हती. नाव विचारायचं राहिलं. त्यानं यंत्रावर आपली इंग्रजी अक्षरं सांगितली होती, परवानेवाले सांगतात तशी, पण मी मराठी चौथी शिकलेली, मला ती समजली नाहीत. यांची मूठ वळलेली होती. नर्सबाईंनी ती सोडवली तर आत आपट्याची पानं, घामानं काळी पडलेली. दसऱ्याचं सोनं. ते मी त्या माणसाच्या हातावर ठेवायला हवं होतं, आणि तो तर निघून गेला होता.

चार दिवसांनी मास्तर दवाखान्यात आले. तोंड उतरलेलं. म्हणाले, "वहिनी, मी त्या दिवशी संच लावलाच नव्हता. आईनं हात लावू दिला नाही. म्हणाली, पुजलेली वस्तू संध्याकाळी सोनं लुटल्याशिवाय हलवायची नाही. आईपुढं माझं काय चालतंय?" मग त्यांनी आमचा संच उघडला आणि बघत राहिले. पहिल्या खाचेत तिसरं क्रिस्टल होतं आणि तिसऱ्यात पहिलं. पाटावरून उचलताना यांच्या हातून अदलाबदल झाली होती, क्रिस्टलांना अजून कुंकू चिकटलेलं. म्हणजे मी मास्तर समजून हाका मारल्या त्या कुणाच्याच नसलेल्या घरात. नेमक्या जागी मारल्या असत्या तर पलीकडे पाटावर झाकून ठेवलेला संच होता.

मास्तर म्हणाले, योगायोग. हे म्हणाले, देवीचं देणं. मी दोघांशीही वाद घातला नाही.

क्रिस्टलं मात्र मी परत जागेवर लावू दिली नाहीत. घरी आल्यावर हे रोज संध्याकाळी पहिलं घर लावून संच माझ्या हातात द्यायचे. "ऐक," म्हणायचे. बोलायचा परवाना मला नव्हता, ऐकायला कुणाची बंदी? मी बटणाला हात न लावता बसायची. तळणीचा आवाज यायचा. तो माणूस परत कधी आला नाही. मोठ्या संचावरून यांनी लांबलांबच्या लोकांना विचारलं, झेंडूची माळ घातलेला जीपवाला कुणी पाहिलाय का. कुणी पाहिला नव्हता. दर दसऱ्याला मी आपट्याचं एक पान त्याच्या नावानं देवापुढे ठेवते. नाव माहीत नाही, तरी ठेवते. पुढच्या दसऱ्यापर्यंत ते वाळून चुरा होतं, मग नवं ठेवते.

आता हेही नाहीत. म्हातारपणानं गेले, आपल्या अंथरुणात. संच माझ्याकडे आहे. नातू कधीमधी त्यात सेल घालून देतो. मी पहिलं घर लावते आणि बसते. दोन माणसांची वाट बघते, दोघंही बोलत नाहीत. देवीला मी आजही काही मागत नाही. आयुष्यभर बटण दाबूनच बसले होते मी, आपलंच ओरडत, आणि वर म्हणायची की कुणी ऐकत नाही. सोडायचं कसं ते त्या टेकडीवर कळलं, तेवढं मला पुरलं.

त्या चाव्यानं यांच्या पायाचा अंगठा गेला. माणूस वाचला.