अल्का मॅडमची कागदपत्रं

नवेगाव बांधच्या एका विनाअनुदानित शाळेत अल्का मॅडम इंग्रजी शिकवायला लागली, त्याच दिवशी संस्थाचालक केशोरावांनी तिची बी.एड.पर्यंतची मूळ कागदपत्रं ठेवून घेतली. सुरक्षित राहतील, म्हणाले. राहिली की! वर्षानुवर्षं त्यांच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद राहिली.

२००६ सालच्या सुरुवातीला गोंदियाच्या अनुदानित शाळेनं तिला निवडलं. जूनअखेर मूळ कागदं घेऊन रुजू व्हा, झेरॉक्स चालणार नाही, असं पत्र आलं. अल्का केशोरावांकडे गेली. माणूस मोठा गोड, आणि भीती वाटावी ती असल्याच माणसांची. त्यांची मुलगी रचना दहावीत इंग्रजीत गटांगळ्या खात होती. पोरीला तेवढं पार करा, मग कागदं घेऊन खुशाल जा, म्हणाले.

रचनाचं दुखणं एकच. निबंधात ती काल बाजाराला निघायची आणि तिसऱ्याच वाक्यात आजमध्ये येऊन पडायची. मग अल्का तिला रोज संध्याकाळी इटियाडोह धरणाच्या सहलीची हकीकत इंग्रजीत सांगायला लावी. एक क्रियापद भूतकाळातून घसरलं, की पुन्हा घरून निघायचं.

"किती वेळा निघू मॅडम घरून?" पोरगी वैतागे.

धरणावर पोहोचेपर्यंत, असं अल्का सांगे. तिला स्वतःलाही घाई होतीच ना! आणि खरं सांगायचं तर शिकवण्यात तिचा जीव रमत होता. मार्चपर्यंत रचना न अडखळता धरणावर जाऊन घरी परतू लागली.

निकाल लागला. इंग्रजीत रचना शाळेत पहिली. केशोरावांनी पेढे वाटले, सगळ्यांसमोर मॅडमला शाल पांघरवली. अल्कानं तिथंच हळू आवाजात कागदपत्रांचं विचारलं.

"आता तुमाले कोण सोडते, मॅडम?" केशोराव हसत म्हणाले. "लहानी आठवीत हाय. तिलेबी असंच तयार करा."

सगळे शिक्षक हसले. अल्काची रुजू व्हायची तारीख तोंडावर आली होती. तक्रार करावी, तर बाजूनं बोलायला येणार कोण? हसणाऱ्या प्रत्येकाची कागदं त्याच कपाटात होती.

तिनं हातातला पेढा खाल्ला. मग लहानीला संध्याकाळी किती वाजता पाठवता, म्हणून विचारलं.