हाती घेतलेली पोथी

त्या उन्हाळ्यात प्रमोदिनीच्या घरी सकाळी देवाआधी पाण्याच्या ड्रमात डोकावलं जायचं. हर्सूलच्या पुढं जिथं काही वर्षांमागं ज्वारी डुलायची, तिथं आता चार मजली इमारती उभ्या राहिल्या होत्या. सिमेंटचा रस्ता झाला, दिवे लागले, गेटावर झकपक पाटी आली. नळाची लाइन तेवढी बिल्डरच्या बोलण्यातच राहिली. बोअर संक्रांतीलाच आटलं. मग विकतचा टँकर, आणि घरटी ठरलेलं पाणी. जास्त हवं असेल तर जास्तीचे पैसे मोजा.

घर दोन खोल्यांचं. नवरा श्रीरंग वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरला कारकून. सासरे केशवराव अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या चादरी धुण्यातच वाटणीचं निम्मं पाणी जायचं. आणि तिकडं पिशोरला प्रमोदिनीची आई, मनकर्णाबाई, एकटी. वडील देवळाचे पुजारी होते, ते गेले. लेक ही एकच. घरामागची विहीर कोरडी पडलेली, टँकर यायचा तो चावडीपाशी, आणि मनकर्णाबाईंचे गुडघे असे की उंबरा ओलांडताना चौकट धरावी लागे. एकदा त्या घागरीसकट पडल्या. लागलं फार नाही, पण त्याच रात्री प्रमोदिनीनं आईला इकडंच आणायचा विषय काढला.

श्रीरंग वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "आईंचं पाणी वरचं कुठून आणायचं तेवढं सांग, मी उद्या जाऊन त्यांना घेऊन येतो." ओव्हरटाइम बंद झालेला तिला माहीत होता.

खालच्या मजल्यावर सुलेखा राहायची. घरबसल्या ऑनलाइन टायपिंगची कामं करून तिनं स्वतःचा बी.एड.चा खर्च भागवला होता. तिनंच प्रमोदिनीचं नाव त्या कामं मिळण्याच्या साइटवर घातलं. प्रमोदिनीचं वाचन वडिलांकडून आलेलं, स्वच्छ, संथ, ओवीला ओवी लागून जाणारं. सुलेखा म्हणाली, आवाजाचं काम बघा वहिनी, आजकाल लोक वाचत नाहीत, ऐकतात. तरी महिनाभर कुणी विचारलं नाही. नव्या माणसाच्या नावापुढं तिथं ग्राहकांच्या पसंतीचा एकही तारा नसतो, आणि तारा नसलेल्याला काम कोण देणार?

मग एका भक्तिसंगीताच्या ॲपकडून स्वरदा नावाच्या बाईंचा निरोप आला. एका संताची एकवीस अध्यायांची ओवीबद्ध पोथी वाचून हवी होती. आधी दोन मिनिटांचा नमुना पाठवा म्हणाल्या, आणि पुढचं बोलणं व्हॉट्सॲपवर करू, साइटवर फार वेळ जातो. मोबदल्याचं विचारलं तेव्हा प्रमोदिनीनं लिहिलं की सेवा गोड मानून घ्यावी, आपल्याला योग्य वाटेल ते द्यावं. तिच्या माहेरी असंच बोलायची रीत होती. वडिलांनी कुण्या यजमानापाशी कधी आकडा काढला नाही, आणि यजमानानंही त्यांना कधी रिकाम्या हाती उठू दिलं नाही.

नमुना दोन मिनिटांचाच मागितला होता. पण अध्याय मधेच कसा तोडायचा? गुरुवारी ती डोक्यावरून न्हाली, समई लावली, डब्याला टेकवून फोन उभा केला आणि पहिला अध्याय शेवटपर्यंत वाचला. पलीकडच्या खोलीत केशवरावांनी पंखा बंद करायला सांगितला आणि उकाड्यात घामाघूम होत ऐकत पडून राहिले. संपल्यावर म्हणाले, "तुझ्या वडिलांचीच चाल गं."

स्वरदाबाईंना वाचन फारच आवडलं. दुसरा पाठवा, तिसरा पाठवा. सगळी पोथी झाली की मोबदला एकदम देऊ आणि साइटवर पाच तारेही. प्रमोदिनीनं त्याच दिवशी आईला फोन लावला. अक्षय्य तृतीयेच्या आत तुला न्यायला येते, म्हणाली. मग मनकर्णाबाईंनी विचारलं, "अन् माझे देव?"

"देव पण आण. देवघरात जागा करते."

सातव्या अध्यायाला तिनं भीत भीत थोडे पैसे आधी मिळतील का म्हणून विचारलं. उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र आलं आणि खाली, पुढचा अध्याय कधी? सुलेखाला हे कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला.

"व्हॉट्सॲपवर काय ठरलं, वहिनी? काहीच नाय? मग आता थांबा. एक अध्याय पुढं नाय."

"पारायण हाती घेतलंय गं. अर्धं कसं टाकू?"

"पोथी कुठं टाका म्हणते मी? वाचा की. फोन बंद ठेवून वाचा. देवाला काय रेकॉर्डिंग लागतं व्हय?"

खरं तर आपण का थांबत नाही, हे प्रमोदिनीला स्वतःलाच नीट उमगत नव्हतं. पोथी अर्धी टाकायची भीती होतीच. पण आणखीही काही होतं. इतक्या वर्षांत भाजी, चादरी आणि औषधं यांपलीकडं तिच्याकडं कुणी काही मागितलं नव्हतं. आता रोज कुणीतरी तिचा आवाज मागत होतं. आणि आईला शब्द दिला होता. आता थांबलं तर तो गेलाच. पूर्ण केलं तर कोण जाणे, पैसे मिळतीलही. सुलेखाला एवढं सगळं कुठं सांगणार? ती फक्त म्हणाली, "एवढी पूर्ण होऊ दे." आणि आठव्या अध्यायालाही फोन उभा केला.

एकविसावा अध्याय पाठवला त्या दिवशी तिनं साखर-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. स्वरदाबाईंचं उत्तर आलं. आवाज घरगुती वाटतो, वरिष्ठांनी पसंत केला नाही, तरी आपण घेतलेल्या कष्टांबद्दल आभार. प्रमोदिनीनं ते वाचलं, फोन पालथा ठेवला आणि सासऱ्यांना पेज भरवायला गेली. आपल्यात कमी पडलं, असंच तिला वाटलं. वडील असते तर कुठं चुकलं ते सांगितलं असतं.

पुढच्या गुरुवारी ती कॉलनीतल्या देवळात गेली. भजनी मंडळाच्या आवडाबाईंनी स्पीकर आणला होता. आता वाचायला डोळे कुणाचे राहिलेत, म्हणून त्यांनी मोबाइलवर पोथी लावली. पहिली ओवी निघाली आणि प्रमोदिनीनं वळून स्पीकरकडं पाहिलं. आवाज तिचा होता. श्वास घ्यायला ती जिथं थांबली होती तिथंच तो थांबत होता. बायका डोळे मिटून बसलेल्या. उठून जावं असं तिला वाटलं, पण चालू अध्यायातून उठायचं नसतं. हात जोडून ती स्वतःलाच ऐकत बसली, शेवटपर्यंत.

"काय गोड वाचते बाई," आवडाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "कोण असेल कोण जाणे, पुण्यवान."

प्रमोदिनीनं मान हलवली आणि प्रसाद घेऊन घरी आली.

हे कळल्यावर सुलेखानं तिच्या नावानं स्वरदाबाईंना कडक मजकूर लिहून पाठवला. साइटवर तक्रारही केली; तिथून कळवलं की बाहेर ठरवलेल्या कामाची जबाबदारी आमच्याकडं नाही. स्वरदाबाईंनी स्वतः काही लिहिलं नाही. प्रमोदिनीचाच पहिला निरोप तिला परत पाठवला, सेवा गोड मानून घ्यावी. त्यानंतर तो नंबर लागलाच नाही.

"हे तुम्हीच लिहिलं?" सुलेखानं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

श्रीरंगला तिनं रात्री जेवताना सांगितलं. "मी टँकरच्या ठेकेदाराला विचारून बघतो उधारीचं," म्हणाला. त्याची आधीचीच थकबाकी होती. दुसऱ्या दिवशीही वाटणीचंच पाणी आलं.

अक्षय्य तृतीयेच्या आधी ती पिशोरला निघाली. फोनवर येते एवढंच म्हणाली होती, बाकीचं सांगायचा धीर झाला नव्हता. कन्नडला एसटीतून उतरून जीप धरली. दोन्ही बाजूंना नुसती उघडी ढेकळं. काय बोलायचं ते मनात जुळवत गेली, पण घराचं दार दिसलं आणि जुळवलेलं सगळं विस्कटलं.

मनकर्णाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. धुतलेलं लुगडं नेसलेल्या, शेजारी ट्रंक, मांडीवर लाल कापडाचं गाठोडं. देवघर रिकामं, कोनाड्यात नुसता तेलाचा डाग.

"सकाळपासून देव बांधून बसलेय," त्या म्हणाल्या. "तूप-साखर शेजारी केसरबाईच्या घरी देऊन टाकली. किती वाजता गाडी?"

प्रमोदिनी त्यांच्यासमोर खालीच बसली. "आई," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

आईनं तिच्याकडं पाहिलं. एकुलत्या लेकीचा चेहरा वाचायला त्यांना कधी चष्मा लागला नव्हता.

"पैसे नाही दिले का गं त्यांनी?"

"नाही."

"अन् पोथी? पूर्ण केलीस?"

"केली."

मनकर्णाबाई गाठोड्याची गाठ सोडू लागल्या. गाठ सुटेना. प्रमोदिनी पुढं झाली तर त्यांनी तिचा हात हलकेच बाजूला केला. बाळकृष्ण निघाला, अन्नपूर्णा निघाली, शाळिग्राम निघाला. एकेकाला त्या पदरानं पुसत होत्या.

"घाई माझीच झाली," त्या म्हणाल्या. "पाऊस पडल्यावर बघू."

पावसाचं नाव निघालं आणि प्रमोदिनीला रडू फुटलं. आईनं तिला रडू दिलं. देव कोनाड्यात मांडले. त्यांना आंघोळ घालायला पंचपात्रीत पाणी बघितलं तर तळाला चमचाभर.

चावडीकडून टँकरचा हॉर्न आला. प्रमोदिनीनं डोळे पुसले, दोन्ही घागरी उचलल्या आणि रांगेत जाऊन उभी राहिली. बायकांनी विचारलं, न्यायला आलीस ना आईला? ती म्हणाली, पाणी भरायला आले. घागरी झाल्या, मग हंडा, मग कळशी, मग तपेली, मग वडिलांचा संध्येचा तांब्यासुद्धा तिनं भरला. शेजारच्या केसरबाईनं आपली पाळी तिला दिली.

"अगं पुरे," मनकर्णाबाई आतून म्हणाल्या. "तुझी जीप जाईल."

घरात रिकामं भांडं उरलं नव्हतं. एवढं पाणी आईला किती दिवस जाईल, हे प्रमोदिनीला हर्सूलच्या ड्रमांनी चांगलं शिकवलं होतं. तिनं हंड्यावर ताट झाकलं, आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि ओल्या साडीनंच जीपकडं निघाली.